वेग आणि सबुरी

(संगणकाचा वेग वाढवण्याच्या नादात कधी कधी तो सुरूच होत नाही. अशा वेळी घाबरून न जाता दोष कसा शोधावा, हे या पाठात सांगितले आहे.)

आपण संगणकाचे बटण दाबतो. पंखा फिरू लागतो आणि थोड्याच वेळात पडद्यावर चित्र उमटते. दरम्यान संगणक स्वतःची तपासणी करत असतो. वर्गात सर हजेरी घेतात ना, तशीच ही हजेरी! प्रोसेसर, रॅम, पडद्याची जोडणी अशी एकेकाची हजेरी लागते. ही हजेरी घेणाऱ्या प्रोग्रॅमला 'बायोस' म्हणतात. तो मदरबोर्डवरील एका चिपमध्ये साठवलेला असतो. हजेरीत रॅमने उत्तर दिले नाही, तर संगणक पुढे जात नाही.

रॅम म्हणजे संगणकाची पाटी. काम चालू असताना लागणारी माहिती तिच्यावर लिहिली जाते आणि वीज गेली की पुसली जाते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली 'टिफ्रॅक' हा संगणक सुरू झाला. त्याच्या स्मृतीत प्रत्येकी ४० बिटांचे २०४८ शब्द मावत, म्हणजे अवघे १० किलोबाइट. आज घरगुती संगणकात ८ गिगाबाइट रॅम सर्रास आढळते. ही पाटी टिफ्रॅकच्या पाटीपेक्षा आठ लाख पटींहून मोठी आहे.

पाटी मोठी असून भागत नाही. तिच्यावर भरभर लिहिताही आले पाहिजे. डीडीआर४ प्रकारच्या रॅमसाठी २१३३, २४००, २६६६, ३२०० असे वेग प्रमाण म्हणून ठरले आहेत. ३२०० म्हणजे एका सेकंदात ३२० कोटी वेळा माहितीची देवघेव. त्यासाठी १.२ व्होल्ट विद्युत दाब लागतो. बाजारात मात्र ३६०० आकडा छापलेल्या पट्ट्याही मिळतात. अशा अनेक पट्ट्यांना १.३५ व्होल्ट दाब द्यावा लागतो. हा वेग आपोआप मिळत नाही. त्यासाठी बायोसमध्ये जाऊन 'एक्सएमपी' ही सोय चालू करावी लागते. इंटेल कंपनीने ती २००७ साली आणली. प्रमाणापेक्षा अधिक वेगाने चालवण्याच्या या प्रकाराला 'ओव्हरक्लॉकिंग' म्हणतात. पट्टीने हा वेग पेलला, तरी प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांनाही तो पेलला पाहिजे. त्यांना पेलला नाही, तर पडदा काळाच राहतो.

समजा, आंबिवलीतील एका घरी असेच घडले. धाकट्या भावाने नवी रॅम बसवली आणि खेळ वेगाने चालावा म्हणून एक्सएमपी चालू केले. संगणक पुन्हा सुरू करताच पंखे फिरले, पण पडद्यावर काहीच दिसेना. आपाचा कॉलेजच्या प्रवेशाचा अर्ज त्याच संगणकात होता आणि दुसऱ्या दिवशी शेवटची तारीख होती.

"आपा, संगणक बिघडला! आता लॅमिंग्टन रोडला न्यावा लागेल. अब्बा काय म्हणतील?"

"कॅबिनेट उचलून लोकलच्या गर्दीत शिरणार, दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला जाणार आणि तोवर माझी तारीख निघून जाणार! थांब. सर्वांत शेवटी तू काय बदललेस?"

"रॅम आणि तिचा वेग."

"मग दोषही आधी तिथेच शोधू."

आपाने योग्य प्रश्न विचारला. दोष शोधण्याची सुरुवात नेहमी शेवटच्या बदलापासून करावी. आता पुढच्या पायऱ्या पाहू.

पहिली पायरी : वाट पाहा. नवी रॅम किंवा नवा वेग असेल, तर संगणक तिच्याशी जुळवून घेतो. डीडीआर५ रॅमला यासाठी कधी कधी काही मिनिटेही लागतात. म्हणून पुन्हा पुन्हा बटण दाबू नये. काही मदरबोर्ड दोन-तीन प्रयत्न फसल्यावर आपणहून साध्या वेगावर परततात.

दुसरी पायरी : खुणा ओळखा. अनेक मदरबोर्डांवर बारीक दिवे असतात. 'डीरॅम' असे लिहिलेला दिवा पेटून राहिला, तर हजेरी रॅमपाशी अडली आहे असे समजावे. काही संगणक 'बीप' असा आवाज करतात. त्याचा अर्थ कंपनीनुसार बदलतो. तो माहितीपुस्तिकेत पाहावा.

तिसरी पायरी : बायोस मूळ स्थितीत आणा. प्रथम वीज बंद करून वायर काढावी आणि सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे. कॅबिनेटच्या धातूला हात लावावा, म्हणजे अंगातील स्थिर वीज निघून जाते. मदरबोर्डवर नाण्यासारखी ३ व्होल्टची बॅटरी असते. ती पाच मिनिटे काढून पुन्हा बसवावी. काही नव्या मदरबोर्डांवर एवढ्याने काम होत नाही. तेथे 'क्लिअर सीएमओएस' नावाच्या दोन पिना पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे क्षणभर जोडाव्या लागतात. यामुळे बायोसमधील बदल पुसले जातात. डिस्कवरील फायली मात्र जागच्या जागी राहतात. वीजपुरवठ्याची पेटी कधीही उघडू नये. तिच्यात वीज साठून राहते आणि जिवाला धोका असतो.

चौथी पायरी : एकच पट्टी लावा. वरील उपाय चालला नाही, तर वीज बंद ठेवून सर्व पट्ट्या काढाव्यात. एकच पट्टी पुस्तिकेत सांगितलेल्या खाचेत 'टक' आवाज येईपर्यंत बसवावी. मग त्याच खाचेत दुसरी लावून पाहावी. एकीवर संगणक सुरू झाला आणि दुसरीवर झाला नाही, तर दोष बहुधा दुसऱ्या पट्टीत आहे.

तिसऱ्या पायरीलाच त्या घरचा पडदा उजळला. भाऊ लगेच पुन्हा वेग वाढवू लागला, तेव्हा आपाने त्याचा हात धरला. "आधी अर्ज, मग तुझा प्रयोग!" तिचे म्हणणे बरोबर होते. संगणक सुरू झाला म्हणजे वेग पेलला असे नव्हे. न पेलणाऱ्या वेगात रॅम एखादा अंक चुकीचा लिहिते आणि तो गुपचूप फायलीत उतरतो. काळा पडदा निदान दिसतो. हे नुकसान दिसतही नाही. म्हणून वेग वाढवायचा असल्यास महत्त्वाच्या फायलींची प्रत आधी दुसरीकडे ठेवावी. ३६०० चालला नाही, तर ३२०० करून पाहावे. 'मेमटेस्ट८६+' या मोफत प्रोग्रॅमने रात्रभर चाचणी घ्यावी. एक जरी चूक निघाली, तरी वेग आणखी कमी करावा.

एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहून ठेवावा. शिवणयंत्र अडो की पाण्याचा पंप, दोष शोधण्याची रीत हीच. घाटातील फलकावर लिहिलेले असते, 'अति घाई संकटात नेई'. हा सल्ला केवळ वाहनचालकांसाठी नाही.

शब्दार्थ
सबुरी – धीर, सब्र
प्रमाण – सर्वांनी मान्य केलेले माप
पेलणे – भार सहन करणे
खाच – पट्टी बसवण्याची अरुंद जागा
गुपचूप – कोणाला न कळता

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) रॅमला पाटी का म्हटले आहे?
(आ) दोष शोधण्याची सुरुवात कोठून करावी?

प्रश्न २. कारणे लिहा.
(अ) आपाने भावाचा हात धरला.
(आ) वीजपुरवठ्याची पेटी उघडू नये.

प्रश्न ३. हजेरी, तारीख, नुकसान, सबुरी हे शब्द उर्दूतही आहेत. प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.

उपक्रम : घरातील एखादे यंत्र बंद पडल्यास दोष कसा शोधाल, ते क्रमाने पाच वाक्यांत लिहा.