सर्व्हरला हात लावायची भीती

“ताई, सगळं नीट चालू आहे, मग उगाच अपडेट करून बिघडवायचं कशाला?” असं तू विचारलंस ते बरं केलंस. बहुतेक जण विचारतच नाहीत, नुसतं पुढे ढकलत राहतात. तुझ्या त्या भाड्याच्या सर्व्हरवर गंगाखेडच्या क्लासची साईट आहे, मानवतच्या जिनिंगची आहे, जिंतूरच्या कृषी सेवा केंद्राची आहे, शिवाय परभणीतल्या शाळा. एक जरी बंद पडली तरी माणूस कंपनीच्या हेल्पलाईनला फोन करणार नाही, थेट आपल्या दारात येऊन उभा राहील. ही भीती खोटी नाही. पण ती नेमकी कशाची आहे, ते आज नीट बघू.

तुला आपल्याच राज्यातली एक हकीकत सांगते. 27 जून 2017 ला न्हावा शेवा बंदरातलं, मर्स्क समूहाकडून चालवलं जाणारं टर्मिनल ठप्प झालं. कॉम्प्युटर गेले आणि कंटेनरची ने-आण अडली. आपल्या भागातल्या मालाला परदेशी जायचं तर बहुधा त्याच बंदरातून जावं लागतं, म्हणून हे दूरचं समजू नकोस. हा हल्ला नॉटपेट्या नावाच्या व्हायरसचा होता आणि तो निघाला होता युक्रेनमधून. तिथे कर भरण्यासाठी पुष्कळ धंदेवाले एम.ई.डॉक नावाचं हिशोबाचं सॉफ्टवेअर वापरत. ते बनवणारी कंपनी काही फार मोठी नव्हती. हल्लेखोर तिच्या सर्व्हरमध्ये शिरले आणि ग्राहकांना जाणाऱ्या अपडेटमध्येच त्यांनी विष कालवलं. तिथल्या सायबर पोलिसांनी नंतर सांगितलं की त्या सर्व्हरला 2013 पासून अपडेटच मिळालेलं नव्हतं. सिस्कोच्या तपासनीसांना तिच्या वेबसाईटवर वेबशेल सापडला. म्हणजे साईटच्या फोल्डरमध्ये गुपचूप ठेवलेली एक छोटीशी पीएचपी फाईल, जिच्यातून बाहेरचा माणूस तुझ्या सर्व्हरवर मनाला येईल ते करू शकतो. चार वर्षं कुणी हात न लावलेला एक सर्व्हर, आणि अडलं कुठे, तर न्हावा शेव्याला.

तू म्हणशील, विष आलं ते अपडेटमधूनच ना! खरं आहे, आणि ही गोष्ट मी तुझ्यापासून लपवणार नाही. म्हणूनच अपडेट घ्यायचं ते मूळ ठिकाणाहूनच. कुणीतरी टेलिग्रामवर टाकलेली विकतची थीम फुकटात मिळाली, तर ती सर्व्हरवर चढवू नकोस. तुझ्या एखाद्या क्लायंटने हट्ट धरला तरी नको. पण त्या हल्ल्यात पुढे काय झालं तेही बघ. कंपन्यांच्या आत शिरल्यावर व्हायरस एका मशीनवरून दुसऱ्यावर गेला तो दोन वाटांनी. एक होती विंडोजमधली फट, जिचा पॅच मायक्रोसॉफ्टने 14 मार्च 2017 लाच दिला होता, म्हणजे तीन महिन्यांहून आधी. दुसरी वाट पासवर्डची. मशीनच्या मेमरीत पडलेले पासवर्ड उचलून तो पुढच्या मशीनवर लॉगिन करत गेला. त्यामुळे पॅच लावलेली मशीनही सुटली नाहीत. तू पॅनलला, डेटाबेसला आणि रूटला एकच पासवर्ड ठेवलायस, मला माहीत आहे. तो आजच बदल. सर्व्हरवर लॉगिन कीने कर आणि पासवर्डने होणारं लॉगिन बंदच करून टाक.

आता मला खरं सांगायचंय ते ऐक. मर्स्ककडे जगभरात साधारण दीडशे डोमेन कंट्रोलर होते. कोण कर्मचारी, कुणाला काय उघडायची परवानगी, ही सगळी नोंद त्यांच्यावर होती. एकाची नोंद दुसऱ्याकडे आपोआप जायची, म्हणून वेगळा बॅकअप कुणी ठेवलाच नव्हता. हल्ल्यात सगळे पुसले गेले. राहिला एकच, आफ्रिकेत घानाला. कारण हल्ल्याच्या वेळी तिथली लाईट गेली होती आणि तो नेटवर्कवर नव्हता! लोडशेडिंगला आपण जन्मभर शिव्या घालत आलो, पण त्या दिवशी एवढ्या मोठ्या कंपनीची उभारणी त्या एका मशीनवरून सुरू झाली. पुढे दहा दिवसांत त्यांनी 4000 सर्व्हर आणि 45,000 कॉम्प्युटर नव्याने उभे केले.

यातून तुझ्यासाठी काय घ्यायचं? तुझा बॅकअप त्याच सर्व्हरवरच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये पडतो. सर्व्हर गेला की तोही गेला. मार्च 2021 मध्ये आपल्या एमआयडीसीच्या सर्व्हरवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला, महामंडळाचं कामकाज अडलं. तेव्हा वेगळ्या नेटवर्कवर ठेवलेला बॅकअप सुरक्षित असल्याचं महामंडळाने सांगितलं होतं. तसा वेगळा ठेव. दुसऱ्या कंपनीच्या स्टोरेजवर, दुसऱ्या पासवर्डने, आणि शक्य असेल तर असा की तुझ्या सर्व्हरला तिथे फाईल टाकता यावी पण पुसता येऊ नये.

आणि तो बॅकअप परत उभा करून बघ. हे तू अजून एकदाही केलेलं नाहीस, आणि तुझ्या भीतीचं मूळ मला तिथेच दिसतं. अपडेट केलं आणि साईट पांढरी पडली तर काय, या प्रश्नाला तुझ्याकडे आज उत्तर नाही, म्हणून हात थरथरतो. एक स्वस्तातला दुसरा सर्व्हर तासाच्या भाड्याने घे, त्यावर क्लासची साईट बॅकअपमधून उभी कर, घड्याळ लावून बघ किती वेळ लागतो. डेटाबेस आला का, फोटो आले का, फॉर्म भरला जातो का, सगळं तपास. एकदा हे जमलं की अपडेट हे नेहमीचं काम होऊन जाईल.

मग उशीर का करायचा नाही, तेही सांगते. पॅच प्रसिद्ध झाला की फट कुठे होती हे चोरालाही कळतं. 26 जानेवारी 2017 ला वर्डप्रेसची 4.7.2 आवृत्ती आली. तिच्यात एक मोठी फट बुजवली होती. लोकांना वेळ मिळावा म्हणून तिची माहिती आठवडाभर जाहीरही केली नाही. 1 फेब्रुवारीला केली, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत पंधरा लाखांवर पानं विद्रूप झाली. ज्यांचं आपोआप अपडेट चालू होतं ते त्याआधीच सुटले होते. ज्यांनी “बिघडेल” म्हणून ते बंद ठेवलं होतं, ते सापडले. त्या पानांच्या मालकांशी कुणाचं वैर नव्हतं. यंत्रं रात्रंदिवस एकेक पत्ता ठोठावत फिरतात, त्यांना परभणी काय आणि पॅरिस काय.

तुझ्या सर्व्हरवर अजून सेंटओएस 7 आहे. त्याचा आधार 30 जून 2024 ला संपला. पीएचपी 7.4 चा तर 28 नोव्हेंबर 2022 लाच संपला होता. त्यामुळे तिथे अपडेटची कमांड देऊन “काही नवीन नाही” असं उत्तर आलं, तर त्यावर निर्धास्त राहू नकोस. पॅच मिळणंच थांबलं आहे. नवा सर्व्हर घे, उबंटूची किंवा डेबियनची आधार चालू असलेली आवृत्ती टाक आणि एकेक साईट हलव. आधी स्वतःची, मग कृषी केंद्राची, शाळा सगळ्यात शेवटी. प्रवेशाच्या किंवा निकालाच्या आठवड्यात शाळेच्या साईटला हात लावायचा नाही. जिनिंगचं काम दसऱ्याच्या आत उरकून घे, एकदा कापूस यायला लागला की त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते.

नव्या सर्व्हरवर सुरक्षेचे पॅच आपोआप लागतील अशी सोय पहिल्याच दिवशी कर. कर्नलचा पॅच मात्र सहसा रीस्टार्टशिवाय लागू होत नाही, त्यासाठी आठवड्यातली एक पहाट ठरवून टाक. आणि एखाद्या तपासणीत “तुमची आवृत्ती जुनी आहे” असं आलं तर लगेच घाबरू नकोस. उबंटू आणि डेबियन पुष्कळदा आकडा जुना ठेवून आत दुरुस्ती घालतात. बदलांची नोंद उघडून बघ, तिथे लिहिलेलं असतं. प्लगिन मोजकेच ठेव. जो वापरात नाही तो बंद करून ठेवू नकोस, काढूनच टाक. “टेस्ट” नावाच्या जुन्या साईटी, पैसे न देता निघून गेलेल्या क्लायंटचं खातं, हेही काढ. चोर बऱ्याचदा अशा विसरलेल्या खोलीतूनच येतो.

पैशांचं बोलायला तू लाजतेस. कोटेशनमध्ये डोमेन, होस्टिंग आणि देखभाल असे तीन वेगळे आकडे लिही. देखभालीचा आकडा दिसला की माणूस विचारतो, हे कशाचे? मग सांगता येतं. फुकट केलेलं काम दिसत नाही, आणि न दिसणारं काम तूच आधी टाळायला लागशील.

आणि एवढं करूनही कुणी शिरलंच, तर घाईघाईत सगळं पुसून टाकू नकोस. आधी सर्व्हरचा स्नॅपशॉट घे, लॉग बाजूला काढ. सीईआरटी-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना कळल्यापासून सहा तासांत त्यांना कळवावं लागतं आणि लॉग 180 दिवस जपावे लागतात, तेव्हा ते साठवायची सोय आत्ताच करून ठेव. मग क्लायंटला स्वतः फोन कर, दुसऱ्याकडून कळायच्या आत. शाळेच्या साईटवर मुलांची नावं आणि पालकांचे नंबर आहेत, त्यांना ते कळायलाच हवं. बोलायला जड जाईल. त्याआधी मला फोन कर, काय बोलायचं ते मिळून ठरवू, किती वाजलेत ते बघू नकोस.

येत्या रविवारी मी मोकळी आहे. क्लासच्या साईटचा बॅकअप तयार ठेव, व्हिडिओ कॉलवर आपण दोघी तो उभा करून बघू.