ओसीवरचा शिक्का

जुलै 2022मध्ये उल्हासनगरच्या एका खासगी रुग्णालयात माझं पित्ताशय काढलं. खडे होते. दुर्बिणीतून ऑपरेशन, तिसऱ्या दिवशी घरी, आठवड्यात कामावर, असं सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी मी बदलापूरला घरी आलोही. पाचव्या दिवशी डोळे पिवळे दिसायला लागले, अंगाला खाज सुटली. फोनवर उत्तर मिळालं, "थोडं थांबा, उतरेल." नवव्या दिवशी बायकोने कुणाला न विचारता मला परळला, केईएम रुग्णालयात नेलं. ऑपरेशनात लावलेली क्लिप मुख्य पित्तनलिकेवरच बसली होती. पुन्हा पोट उघडून नलिका आतड्याला जोडावी लागली. आज मी हे लिहितोय ते बायकोमुळे.

पुढची चूक मात्र माझी. पहिल्या रुग्णालयाचे सर्जन म्हणाले, "खर्चाचं बघू आपण." मी विश्वास ठेवला. तिथे माझी फाइल मागायला तीनदा गेलो, तिन्ही वेळा तोंडी. रेकॉर्ड सांभाळणारा माणूस कधी रजेवर, कधी जेवायला. असं करता करता ऑक्टोबर 2024 उजाडला, तेव्हा अंबरनाथच्या एका वकिलांकडे गेलो. त्यांनी माझी कागदांची पिशवी उघडायच्या आधी ऑपरेशनची तारीख विचारली. ग्राहक कायद्यात तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे. उशीर माफ होऊ शकतो, पण त्याला सबळ कारण लागतं. तोंडी आश्वासनावर थांबलो, हे कारण लेखी कुठेच नव्हतं. पहिल्या रुग्णालयाचं म्हणाल तर माझ्याकडे फक्त डिस्चार्ज कार्ड.

वकिलांनी मला अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा खटला सांगितला. 1963 साली औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात बाळंतिणीची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली आणि पोटात टॉवेल राहिला. दुसऱ्या सर्जनने पोट उघडलं तेव्हा तो सापडला. ती वाचली नाही. खालच्या कोर्टाने 36,000 रुपये दिले, उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, आणि सर्वोच्च न्यायालयाने 1996मध्ये खालच्या कोर्टाचा निकाल पुन्हा कायम केला. 33 वर्षं! टॉवेल पोटात राहणं हाच निष्काळजीपणाचा पुरावा ठरला.

माझी क्लिप तसं बोलत नाही. पित्तनलिकेला इजा होणं हा या ऑपरेशनचा माहीत असलेला धोका आहे, आणि ऑपरेशन बिघडलं म्हणजे डॉक्टर दोषी असं कायदा मानत नाही. मला हे पचायला वेळ लागला, पण ते बरोबर आहे. नेहमीची काळजी घेतली होती का, हे दुसऱ्या सर्जननेच सांगायचं असतं, आणि तो ते ऑपरेशन नोट आणि इनडोअर केसपेपर बघूनच सांगू शकतो. दुर्बिणीच्या ऑपरेशनचं रेकॉर्डिंग झालं असेल तर तेही मागा.

मागायचं ते लेखी. वैद्यक परिषदेच्या 2002च्या नियमांनुसार अर्ज दिल्यापासून 72 तासांत कागद द्यावे लागतात. अर्जाच्या दोन प्रती न्या, ओसीवर, म्हणजे आपल्याकडे राहणाऱ्या प्रतीवर, शिक्का, सही, तारीख घ्या. शिक्का मारत नसतील तर तिथूनच पोस्टात जाऊन स्पीड पोस्टाने पाठवा. दुसऱ्या रुग्णालयाचे कागदही तितकेच जपा. माझ्या क्लिपची नोंद तिथेच झाली. आणि रागाच्या भरात काउंटरवर भांडू नका, तोडफोड तर नाहीच. त्याने खटला तुमच्यावरच होतो.

पैसे भरून उपचार घेतले असतील तर दाद जिल्हा ग्राहक आयोगात मागता येते. 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने हा रस्ता खुला केला. बिलाची रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. सगळ्यांवर मोफत उपचार करणारं सरकारी रुग्णालय असेल तर मात्र दिवाणी दावा लावावा लागतो, खोडवांनी लावला तसा.

तुमच्या घरात कुणाचं ऑपरेशन बिघडलं असेल, तर ऑपरेशनची तारीख आज भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा आणि फाइलचा अर्ज उद्या सकाळी द्या.