हौद्यावरचं कव्हर आणि पावसाचं पाणी

ह्यूस्टनला वर्षाकाठी साधारण पन्नास इंच पाऊस पडतो, म्हणजे पुण्याच्या जवळजवळ दुप्पट. तो चार महिन्यांत वाटून येत नाही. वर्षात कधीही येतो आणि तासाभरात रस्ते तुंबवून जातो. जून ते नोव्हेंबर हा वादळांचा हंगाम, आणि गणेशोत्सव नेमका त्याच्या ऐन भरात येतो. आमच्या ढोल-ताशा पथकाचं सामान मी माझ्या एफ-१५० पिकअपमधून ने-आण करते. उघड्या हौद्यातून ते नेणं शक्यच नव्हतं, म्हणून तीन घड्यांचं मऊ कव्हर विकत घेतलं. दुकानाच्या जाहिरातीत ‘शंभर टक्के वॉटरप्रूफ’ असं ठळक लिहिलं होतं. बसवूनही त्यांच्याच माणसाने दिलं, दुकानाबाहेरच्या पार्किंगमध्ये, घाईघाईत.

त्या वर्षी मिरवणुकीच्या सकाळी केटीहून शुगरलँडला जाताना ग्रँड पार्कवेवर पावसाने गाठलं. सभागृहाशी पोचून मागचा फाळका, म्हणजे टेलगेट, उघडला तर पाणी बाहेर ओघळलं. कव्हरचं कापड आतून कोरडं होतं. कुठे भोक नाही, शिवण उसवलेली नाही. पण केबिनच्या बाजूला टेकवून ठेवलेले ढोल भिजले होते आणि त्यांची चामड्याची पानं सैल पडली होती. भिजलेलं पान दोरी आवळून लगेच ताणता येत नाही. वाळताना ते आक्रसतं आणि कडेला फाटतं. त्यामुळे ते ढोल त्या दिवशी वाजलेच नाहीत. उन्हाळाभर तापलेल्या डांबरावर उभं राहून सराव केलेली काही मुलं झांजा हातात घेऊन मिरवणुकीत चालली. त्यांचे चेहरे आठवले की आजही वाईट वाटतं. इतर कुणावर ही वेळ येऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

दुकानदाराने हात वर केले. कव्हर बनवणाऱ्या कंपनीच्या कागदपत्रांत ‘वॉटर रेझिस्टंट’ एवढंच लिहिलेलं होतं. घडीच्या कव्हरांचे बहुतेक उत्पादक तेवढंच आश्वासन देतात, आणि ते रास्तही आहे. ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द विकणाऱ्याच्या तोंडी असतो, वॉरंटीच्या कागदावर क्वचितच. तेव्हा पैसे देण्याआधी वॉरंटीचा कागद मागून घ्या आणि त्यात गळतीबद्दल काय म्हटलंय ते वाचा.

त्या दिवसांत माझे वडील साताऱ्याहून इथे आले होते. त्यांची हयात मालवाहतुकीत गेली. गूळ, कांदा, सिमेंट हे सगळं त्यांनी भर पावसात ताडपत्रीखाली पोचवलेलं आहे. मी कव्हर उलटंपालटं करून बघत बसले होते, तर म्हणाले, “अगं, कापडात काय शोधतेस? हौदा बघ. तू आत झोप बॅटरी घेऊन, मी पाणी मारतो.”

मी आत पडले, त्यांनी वरून कव्हर लावलं आणि बागेतल्या नळीने पाणी सोडलं. पाण्याला जोर नव्हता, नुसती संथ धार होती. पाणी वरून पडत असताना आतून काय दिसतं ते ज्याने पाहिलंय, त्याला पुढचं फारसं समजवावं लागत नाही. केबिनच्या मागे हौद्याची जी पुढची भिंत आहे, तिच्या डाव्या कोपऱ्यात पाण्याचा एक बारीक मणी तयार झाला. तो तिथे पडला नाही. अॅल्युमिनियमच्या रेलच्या खालच्या कडेला धरून सरकत सरकत मागे आला आणि पार हौद्याच्या मध्याशी येऊन टपकला. कौलारू घरात थेंब पडतो त्याच्या बरोबर वर फुटकं कौल सापडत नाही, तसंच हे. पाणी मधोमध दिसलं म्हणून लोक घडीच्या जोडाला दोष देतात, जोडावर सिलिकॉन थापतात, आणि गळती चालूच राहते.

तो कोपरा का गळत होता, ते रेल सोडवल्यावर कळलं. ट्रक मी जुना घेतला होता आणि आधीच्या मालकाने हौद्यात प्लास्टिकचं तयार अस्तर बसवलेलं होतं. अशी अस्तरं दोन प्रकारची असतात. एक हौद्याच्या काठाखालीच संपतं, दुसरं काठावरून वळून बाहेरपर्यंत येतं. माझं दुसऱ्या प्रकारचं होतं. कव्हरच्या दोन्ही बाजूंचे रेल क्लॅम्पने हौद्याच्या काठाच्या खालच्या पत्र्याला धरायचे असतात. बसवणाऱ्याने मध्ये आलेलं प्लास्टिक न कापता क्लॅम्प तसेच त्याच्यावर आवळले होते. प्लास्टिक उन्हात फुगतं, थंडीत आखडतं आणि धक्क्याने सरकतं, त्यामुळे रेल एका बाजूला किंचित उचलला गेला. त्यात अस्तर आणि पत्रा यांच्यामध्ये जी फट राहते, तिच्यातून पाणी रबराच्या खालून निवांत आत येतं. वरचं रबर कितीही चांगलं असलं तरी त्याचा काही उपयोग होत नाही. काठावरून वळणारं अस्तर असेल तर क्लॅम्पच्या जागी ते कापावंच लागतं, नाहीतर काढून तरी टाकावं लागतं. फवाऱ्याने मारलेल्या अस्तराचा असा त्रास नसतो. तो थर पत्र्याला चिकटलेलाच असतो. फक्त काठावर तो फार खडबडीत असेल तर रबर नीट बसतंय ना, ते तपासायचं.

खरेदीच्या वेळी दुकानदार ट्रकचं मॉडेल आणि वर्ष विचारतो. तेवढ्यावर भागत नाही. एफ-१५० चे हौदे बोलीभाषेत साडेपाच, साडेसहा आणि आठ फुटी म्हणतात, पण प्रत्यक्ष लांबी ६७.१, ७८.९ आणि ९७.६ इंच असते. साडेपाच फूट म्हणजे ६६ इंच धरून कव्हर मागवलंत तर इंचभराची चूक तिथेच झाली. टेप स्वतः लावा. पुढच्या भिंतीच्या आतल्या बाजूपासून बंद फाळक्याच्या आतल्या बाजूपर्यंत, वर काठाशी मोजा. तळाशी मोजलेलं माप धरू नका. लांबी तीच असली तरी ट्रकची पिढी बदलली की काठाचा आकार बदलू शकतो. टोयोटाच्या टॅकोमा आणि टंड्रामध्ये हौद्याच्या आत सामान बांधायचे रूळ असतात. ते असलेल्या आणि नसलेल्या ट्रकची कव्हरं वेगवेगळी येतात. रॅमच्या काही ट्रकना बाजूच्या भिंतींत कुलपाचे कप्पे असतात, त्यांनाही वेगळं कव्हर लागतं. हौद्यात आडवी हत्यारपेटी असेल तर तेही आधी सांगा. काठावर प्लास्टिकच्या पट्ट्या बसवलेल्या असतील तर त्यांच्या जाडीमुळे रबर उचललं जाईल का, ते बघा.

मऊ कव्हर घ्यावं की कडक पत्र्याचं, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. पाण्याच्या दृष्टीने मला त्यात फार अर्थ दिसत नाही. दोन्हींना घडीचे आडवे जोड असतात, दोन्ही कडेनेच गळतात. कडक कव्हराला कुलूप चांगलं लागतं, मऊ कव्हर हलकं आणि स्वस्त पडतं, त्यावरून ठरवा. काही महागड्या कव्हरांच्या रेलमध्ये पन्हळी असतात आणि आलेलं पाणी कोपऱ्यातल्या नळ्यांतून खाली सोडलेलं असतं. माझ्या मते हा प्रामाणिक उपाय आहे, कारण पाणी येणार हे त्यात गृहीत धरलेलं आहे. पण त्या नळ्या साफ ठेवाव्या लागतात. आमच्याकडे वसंताच्या सुमाराला ओकची झाडं पानं आणि परागांच्या लोंब्या गाळतात. त्यांचा चिखल नळीत बसला की सगळं पाणी उलटं हौद्यात येतं.

बसवण्याचं काम घाईचं नाही. आम्ही रेल पुन्हा बसवले तेव्हा बाबांनी आधी कर्ण मोजायला लावले. डाव्या रेलच्या पुढच्या टोकापासून उजव्याच्या मागच्या टोकापर्यंत, मग उलट. दोन्ही मापं सारखी येईपर्यंत क्लॅम्प हातानेच आवळलेले ठेवायचे, पाना लावायचा नाही. माझा एक रेल दुसऱ्यापेक्षा चांगला बोटभर पुढे होता. त्यामुळे कव्हर तिरकं बसून पुढच्या कोपऱ्यात रबरावर दाबच येत नव्हता. पुढच्या भिंतीवर चिकटवायची फोमची पट्टी लावण्याआधी ती जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण सुकू द्या. मेणाचं पॉलिश असेल तर पट्टी आठवड्यात सुटते. थंडीच्या दिवसांत हे काम टाळा, गोंद गार पत्र्याला धरत नाही. पट्टी ताणून लावू नका, कारण ताणलेली पट्टी हळूहळू मागे सरते आणि नेमकी कोपऱ्यात फट पडते. तिथे थोडी जास्तच ठेवा आणि बाजूच्या रबराला दाबून भिडवा. फोम पहिल्या काही आठवड्यांत दबतो, तेव्हा क्लॅम्प पुन्हा एकदा तपासून आवळा.

आता फाळका. कुठल्याही पिकअपचा फाळका मुळात पाणी अडवण्यासाठी बनवलेला नसतो. बाजूंना आणि तळाशी बिजागऱ्यांपाशी चांगलं बोट शिरेल एवढी फट असते, आणि उघड्या हौद्यातलं पाणी वाहून जावं म्हणून ती हवीच असते. पण हायवेवर चालत्या ट्रकच्या मागे हवेचा दाब कमी होऊन चाकांनी उडवलेला तुषार आणि धूळ याच फटींतून आत ओढली जाते. फाळक्यासाठी रबराच्या पट्ट्यांचा वेगळा संच मिळतो. तो घ्याच, कव्हरच्या किमतीपुढे तो काहीच नाही. पट्टी दोन्ही बाजूंना आणि तळाशी लावा, पण हौद्याच्या जमिनीतली पाणी जायची भोकं बुजवू नका. चुकून आलेलं पाणी बाहेर पडायला ती वाट लागतेच.

तपासणी तीन प्रकारे होते. पहिला प्रकार, भर दुपारी आत पडून कव्हर बंद करायला सांगा. जिथून उजेडाची रेघ दिसेल, तिथून पाणी येणार. दुसरा, कागदाची पट्टी रबराखाली ठेवून कव्हर लावा आणि पट्टी ओढून बघा. सहज निघाली तर तिथे दाब नाही. तिसरा, नळीचं पाणी. आधी पुढचा कोपरा, मग एक बाजू, मग जोड, शेवटी फाळका, असं एकेका जागी थांबून सोडा. सगळीकडे एकदम पाणी मारलं तर काही कळत नाही. जोराच्या फवाऱ्याने तपासू नका. त्या दाबाखाली चांगलं रबरही पाणी सोडतं. गाडी रोज उतारावर उभी राहत असेल तर तिथेच तपासा, कारण नाक खाली करून उभ्या असलेल्या ट्रकचं सगळं पाणी पुढच्या पट्टीशी साचतं.

आत दिसलेला प्रत्येक थेंब गळतीचा नसतो. थंडीच्या सकाळी कडक कव्हराच्या खालच्या अंगाला सगळीकडे सारखे बारीक थेंब दिसले तर ते दव असतं. गळतीचं पाणी एका रेघेने चालतं आणि जाताना धुळीत वाट सोडून जातं. दवाला उपाय म्हणजे ओलं सामान, चिखलाचे बूट, भिजलेला तंबू असं काही बंद कव्हराखाली न ठेवणं आणि ऊन पडलं की कव्हर उघडून हौदा वाळवणं. रबराला वर्षातून दोनदा सिलिकॉनचा हात द्या. व्हॅसलिन, ग्रीस असलं पेट्रोलियमचं काही लावू नका. या पट्ट्या बहुतेक ईपीडीएम रबराच्या असतात आणि पेट्रोलियमने ते रबर फुगून बाद होतं.

एवढं करून माझा हौदा आता जोरदार पावसातही जवळजवळ कोरडा राहतो. जवळजवळच. म्हणून ढोल आम्ही आता लाकडी पट्ट्यांवर, तळापासून उचलून ठेवतो, आणि वर बाबांनी दाखवल्याप्रमाणे छोटी ताडपत्री दोरीने आवळतो. ताशे आणि झेंडे झाकणाच्या प्लास्टिकच्या खोक्यांत जातात.

नवं कव्हर घेणाऱ्यांनी पाण्याची ही तपासणी सामान परत करण्याची मुदत संपायच्या आत उरकावी. बसवताना क्लॅम्प कशावर आवळले गेले त्याचे फोटो काढून ठेवा, गळणाऱ्या जागेची चित्रफीत काढा आणि तक्रार तोंडी न करता लेखी करा. माझ्याकडे हे काहीच नव्हतं, म्हणून दुकानदाराला ‘पाणी कुठूनही येतं’ म्हणून मोकळं होता आलं.