फायटर माशाची बरणी

रंगीत मासे विकणाऱ्या दुकानात नर फायटर मासा पाहिलात? तो एकटाच एखाद्या पेल्यात किंवा लोणच्याच्या बरणीत ठेवलेला असतो. दोन नर एकत्र आले की एकमेकांचे पंख फाडतात, म्हणून ही वेगळी व्यवस्था. "याला हवेचा पंप लागत नाही, कुठेही राहतो," असे सांगून तो विकला जातो. यातले पहिले अर्धे वाक्य बरोबर आहे. दुसऱ्या अर्ध्यापायी मात्र पुष्कळ मासे थोड्याच दिवसांत मरतात.

हा मासा मूळचा थायलंडचा, म्हणजे पूर्वीच्या सयामचा. त्याचे शास्त्रीय नाव बेट्टा स्प्लेन्डेन्स. २०१९ साली थायलंडने त्याला आपला राष्ट्रीय जलचर ठरवले. भातखाचरे आणि दलदलीतले उथळ, गरम पाणी हे त्याचे घर. अशा पाण्यात विरघळलेला प्राणवायू फार थोडा असतो. म्हणून कल्ल्यांच्या वरच्या पोकळीत त्याला एक जादा श्वसनेंद्रिय आहे. त्यातील घड्यांवर रक्तवाहिन्यांनी भरलेली पातळ त्वचा असते. मासा वर येतो, तोंडाने हवेचा घोट घेतो आणि या घड्यांतून प्राणवायू रक्तात जातो. आपल्याकडची मरळ पाण्याबाहेर बराच वेळ तग धरते, तीही हवेतून श्वास घेण्याच्या अशाच सोयीमुळे.

पण प्राणवायू मिळाला म्हणजे सगळे झाले काय? प्रथिनांच्या विघटनातून शरीरात अमोनिया तयार होतो. आपण त्याचे युरिया करून मूत्रावाटे टाकतो; मासा तो बहुतांशी कल्ल्यांवाटे तसाच पाण्यात सोडतो. उरलेले खाद्य कुजून त्यात भर पडते. म्हणजे बरणीतला फायटर गुदमरत नाही, तो स्वतःच्याच विषात पोहत राहतो. १ लिटरच्या बरणीत जितका अमोनिया साठतो, तितकाच २० लिटरच्या काचपेटीत सोडला तर त्याची तीव्रता विसाव्या हिश्शाइतकी होते. एका माशाला २० लिटर पाणी मला तरी चैनीचे वाटत नाही.

पेटी जुनी झाली की आणखी एक मदत मिळते. स्पंजावर व दगडांवर वाढणारे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट बरेच सौम्य. हे जिवाणू वसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर खाद्य बेताने द्यावे आणि दर दोन-तीन दिवसांनी थोडे पाणी बदलावे. नंतर आठवड्याला पाव हिस्सा बदलला तरी चालते. सगळे पाणी ओतून स्पंज नळाखाली खसाखसा धुणे ही स्वच्छता माशाला महागात पडते.

आता ही काचपेटी रेवदंड्यातल्या एखाद्या घरात आहे असे समजा. कुंडलिका जिथे समुद्राला मिळते तिथले हे गाव. जुन्या पोर्तुगीज कोटाच्या आतच घरे आणि नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. किनाऱ्याजवळच्या विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होऊ शकते. फायटर गोड्या पाण्यातला, म्हणून पाणी आधी चाखून पाहावे. पेटीतल्या पाण्याची वाफ होते, क्षार मात्र मागेच राहतात. नुसती भर घालत गेलात तर खारटपणा वाढत जाईल. थोडे जुने पाणी काढलेच पाहिजे. विहिरीत टीसीएल पावडर टाकली असेल तर पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवावे. क्लोरीन कल्ल्यांना जाळतो, आणि आपले उपयोगी जिवाणूही मारतो.

समुद्रकाठच्या मुलांना एक मोह हटकून होतो, तो पेटीत शंखशिंपले मांडण्याचा. शिंपल्यावर सौम्य आम्लाचा थेंब टाका, फसफस होईल. हा कॅल्शियम कार्बोनेट हळूहळू विरघळतो आणि पाण्याचा सामू वाढवतो. २५ अंश सेल्सियसला ७ सामूच्या पाण्यात एकूण अमोनियापैकी शेकडा एकाहून कमी भाग मुक्त, म्हणजे खऱ्या अर्थाने विषारी असतो. सामू ८ झाला की तोच भाग शेकडा पाचांवर जातो. अमोनिया तेवढाच, विष सुमारे नऊपट! शिंपले खिडकीतच शोभतात.

फायटरला २४ ते २८ अंशांचे पाणी मानवते. थंडीत बरणी रात्रीतून गार होते, मोठी पेटी सावकाश. पंख मिटून मासा तळाशी बसला, तर औषध शोधण्याआधी पाणी तपासा. पेटीवर जाळी असावी, कारण तो उडी मारतो. पण पाणी व जाळी यांमध्ये हवेला जागा ठेवा.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. अशा वेळी फायटर हवेवर तगतो, पण बंद पडलेल्या गाळणीतले जिवाणू प्राणवायूवाचून मरू लागतात. स्पंज गाळणीतून काढून पेटीच्या मोकळ्या पाण्यात ठेवावा आणि मोठ्या, धडधाकट माशाचे खाद्य दोन-तीन दिवस बंद करावे. खाणे थांबले की अमोनियाही कमी निघतो.