अल्प हिमवर्षाव आणि निरनिराळे प्रदेश
(वरिष्ठ प्राथमिक वर्गांसाठी भूगोलाचा पाठ)

उद्देश : निसर्गातील एखादी घटना लहान की मोठी, हे केवळ मोजमापाने ठरत नाही. ती ज्या प्रदेशात घडते तेथील लोकांची सवय, त्यांची साधने आणि त्यांची तयारी यांवरही ते अवलंबून असते. ही गोष्ट मुलांच्या मनावर ठसविणे हा या पाठाचा हेतू होय.

विषयप्रवेश : खंडाळ्याच्या मुलांनी आपल्या गावी हिम पडताना पाहिलेले नसते. हिवाळ्यात येथे थंडी पडते, पहाटे दरीत धुके साचते. परंतु पारा गोठणबिंदूपर्यंत उतरत नाही व त्या दिवसांत हवाही बहुधा कोरडी असते. म्हणून येथे हिमवर्षाव होत नाही. तेव्हा परिचिताकडून अपरिचिताकडे जावे, या नियमास अनुसरून शिक्षकाने पाठाचा आरंभ पावसापासून करावा.

लोणावळा-खंडाळा परिसरात वर्षाकाठी 4,000 मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. येथून पूर्वेस सुमारे 65 किलोमीटरांवर असलेल्या पुणे शहरात तो अवघा 700 मिलिमीटरांच्या आसपास असतो. आषाढातील संततधारेतही मावळातील मुले शाळेत येतात, भाताची लावणी चालू राहते. 1863 साली सुरू झालेल्या बोरघाटातील लोहमार्गावर पावसाळ्यात खास गस्त असते. दरड कोसळली किंवा रुळांखालची माती खचली, तर ते वेळीच कळावे म्हणून गस्तवाले रुळांवरून फिरतात. पुण्यात मात्र 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री काही तासांच्या जोरदार पावसाने आंबिल ओढ्यास पूर आला, घरांत पाणी शिरले व माणसे दगावली. पाणी वाहून जाण्याची वाट अरुंद झालेली असली, म्हणजे एका रात्रीचा पाऊसही प्राणघातक ठरतो. “पाऊस एकच, मग परिणाम निराळा का?” असा प्रश्न विचारून शिक्षकाने मुलांस बोलते करावे व मग मुख्य विषयाकडे वळावे.

हिम म्हणजे काय : उंचावरील अतिथंड हवेत बाष्पाचे थेट स्फटिक बनतात. ते एकमेकांस चिकटून खाली येतात, तेच हिम होय. ताजे हिम भुसभुशीत असते. साधारण 10 सेंटिमीटर हिम वितळले असता जेमतेम 1 सेंटिमीटर पाणी मिळते. मग एवढ्याशा हिमाने अडचण कशी होते? वाहनांच्या चाकांखाली ते दाबले जाते, थोडे वितळते व थंडीने पुन्हा गोठते. रस्त्यावर काचेसारखा गुळगुळीत थर बनतो आणि चाके घसरू लागतात. भय असते ते या थराचे.

तीन प्रदेश : जपानच्या उत्तरेकडील साप्पोरो या शहरात दर हिवाळ्यात एकूण सुमारे 5 मीटर हिम पडते. तेथील लोकवस्ती वीस लाखांच्या घरात आहे. रात्री यंत्रे रस्ते मोकळे करतात, वाहनांस हिवाळी टायर बसविलेले असतात आणि सकाळी मुले शाळेत जातात. चार-पाच सेंटिमीटर हिमाची तेथे कोणी दखलही घेत नाही.

अमेरिकेच्या दक्षिण भागातील अटलांटा शहरात 28 जानेवारी 2014 रोजी पाच-सहा सेंटिमीटर हिम पडले. तेथे हिम क्वचितच पडते. म्हणून मीठ व वाळू पसरणारी वाहने थोडी होती व हिवाळी टायरही प्रचारात नव्हते. हिम पडू लागताच शाळा, कचेऱ्या व दुकाने बहुतेक एकाच वेळी सुटली. सर्व वाहने एकदम रस्त्यावर आली, रस्ते गोठले आणि वाहने जागच्या जागी अडकली. हजारो मुलांना ती रात्र शाळेतच काढावी लागली. काही तर शाळेच्या बसमध्येच राहिली. साप्पोरोत ज्याची दखल घेतली जात नाही, तेवढ्याच हिमाने हे मोठे शहर ठप्प झाले.

काश्मीरची गोष्ट आणखी निराळी आहे. तेथे पहिल्या हिमाचे स्वागत होते. काश्मिरी भाषेत हिमास ‘शीन’ म्हणतात व लोक एकमेकांस ‘नवशीन मुबारक’ म्हणून शुभेच्छा देतात. 21 डिसेंबरपासून ‘चिल्लई कलां’ हा 40 दिवसांचा कडक थंडीचा काळ सुरू होतो. त्या काळात पडलेले हिम डोंगरांवर टिकते व उन्हाळ्यात झऱ्यांना आणि नद्यांना पाणी पुरविते. हिवाळा कोरडा गेला, तर शेतकरी चिंतेत पडतो. परंतु तेच हिम अवेळी आले तर घात करते. 2018 व 2019 या दोन्ही वर्षी नोव्हेंबरच्या आरंभी हिम पडले. झाडांची पाने अजून गळली नव्हती, त्यामुळे ओल्या हिमाचा भार पानांवर साचून सफरचंदाच्या फांद्या मोडल्या. यावरून प्रमाणाइतकीच वेळही महत्त्वाची असते, हे मुलांस दाखवावे.

महाराष्ट्रातील उदाहरण : आपल्या राज्यात हिम पडत नसले, तरी दव गोठते. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाच्या परिसरात कडाक्याच्या थंडीत पहाटे गवतावर पांढरे हिमकण दिसतात. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने गमावते. म्हणून हवेचे तापमान शून्याच्या वर असतानाही गवताचा पृष्ठभाग गोठू शकतो. पर्यटकांस हे दृश्य पाहून आनंद होतो. पण त्याच पहाटे स्ट्रॉबेरीच्या शेतकऱ्यास पिकाची काळजी लागते. नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे डिसेंबर 2018 मध्ये पारा 2 अंशांच्या आसपास उतरला होता. अशा थंडीत द्राक्षमण्यांना तडे जातात. म्हणून बागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवितात व वेलींस पाणी देतात. वर्षभराच्या मेहनतीचे व कर्जफेडीचे भवितव्य त्या एका रात्रीवर असते.

प्रयोग : पत्र्याच्या कोरड्या डब्यात बर्फाचा चुरा व त्याच्या एकतृतीयांश मीठ घालून ढवळावे. काही वेळाने डब्याच्या बाहेरील बाजूवर पांढरा थर जमतो. हवेतील बाष्प डब्यावर गोठल्यामुळे तो दिसतो. मिठाने पाण्याचा गोठणबिंदू खाली येतो, हेही याच प्रयोगाने कळते. थंड देशांत रस्त्यांवर मीठ टाकतात ते याचसाठी. थर जमल्यावर मुलांनी डब्यास ओला हात लावू नये, कातडी चिकटते.

शाळेने घ्यावयाचा बोध : अटलांटातील मुले अडकली त्यास हिमाइतकाच सर्वांस एकदम घरी पाठविण्याचा निर्णयही कारण झाला. मुंबईत 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हाही अनेक मुले शाळांतच राहिली. घाटमाथ्यावरील शाळांनी पावसाळ्यापूर्वीच काही गोष्टी ठरवून ठेवाव्यात. कोणत्या वाडीची मुले कोणता ओढा ओलांडून येतात, त्याची यादी करावी. ओढ्यास पूर आल्यास ती मुले कोणाच्या घरी थांबतील, हे पालकांच्या संमतीने लिहून ठेवावे. शाळेत पिण्याचे पाणी, कोरडा शिधा व दिवा असावा. पालक किंवा जबाबदार व्यक्ती आल्याखेरीज लहान मुलास पुराच्या वाटेने एकटे सोडू नये. आपल्याकडे पाऊस नित्याचाच आहे, या समजुतीने तयारीत ढिलाई होऊ देऊ नये.

स्वाध्याय :
1. खंडाळ्यात हिम का पडत नाही? दोन कारणे लिहा.
2. सारख्याच हिमाचा साप्पोरो व अटलांटा येथे निराळा परिणाम का झाला?
3. काश्मीरमध्ये जानेवारीतील हिम हितकर व नोव्हेंबरमधील हिम हानिकारक का ठरते?
4. सरळ बाजूंच्या बाटलीचे पर्जन्यमापक तयार करून श्रावण महिन्यातील रोजच्या पावसाची नोंद ठेवा. ज्या दिवशी सर्वांत अधिक पाऊस पडला, त्या दिवशी तुमच्या वाडीत कोणती कामे चालू राहिली व कोणती थांबली, ते लिहा.
5. तुमच्या घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेचा नकाशा काढा व पावसाळ्यात धोक्याची ठरणारी ठिकाणे त्यावर दाखवा.