कुंडीतील अनंताची पिवळी पाने

प्रश्न : गच्चीवरील मोठ्या कुंडीतल्या अनंताची कोवळी पाने पिवळी पडतात आणि कळ्या गळतात. उपाय कोणता?

उत्तर : अनंताला सुमारे ५ ते ६ सामूची, म्हणजे आम्लधर्मी माती मानवते, पण बोअरवेलच्या क्षारयुक्त पाण्याने सामू वाढला की मातीत लोह असूनही मुळांना ते शोषता येत नाही आणि शिरा हिरव्या राहून कोवळी पाने पिवळी पडतात. अशा मातीत नुसते हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, फार काळ उपयोगी पडत नाही. त्याऐवजी चिलेटेड लोह, म्हणजे सेंद्रिय रेणूत बांधलेले व मुळांना सहज मिळणारे लोह, वेष्टनावरील प्रमाणात द्यावे आणि शक्य तेव्हा पावसाचे साठवलेले पाणी वापरावे. माती कधी कोरडी, कधी चिंब राहिल्यानेही कळ्या गळतात. चुलीची राख मात्र सामू आणखी वाढवते, म्हणून अनंताला ती घालूच नये.