जोडणीपूर्वीची तपासणी : हौशी बिनतारी संचावरून एक पाठ



परवानाधारक हौशी बिनतारी चालकास शाळेत बोलावून त्याच्या संचाचे प्रात्यक्षिक मुलांस दाखविणे, हा उपक्रम स्तुत्य होय. परंतु तारा जोडून देण्याच्या उत्साहात मुलांच्या हातून संच क्षणार्धात निकामी होऊ शकतो. असे घडले की एकच उपाय सुचतो : यंत्रास मुलांनी हात लावावयाचा नाही! आमच्या मते हा उपाय मूळ हानीहून वाईट. जोडणी शिकवावी, आणि ती संच येण्यापूर्वी शिकवावी.

प्लग छिद्रात बसला म्हणजे तो तेथलाच, असे मुलांस वाटते. हा समज प्रथम घालविला पाहिजे. एकाच आकाराच्या गोल प्लगचे अडॅप्टर ९, १२ वा १९ व्होल्टचे असू शकतात. कित्येकांत मध्यभाग धन असतो, काहींत ऋण. मायक्रोफोनचेही तसेच. आयकॉमच्या अनेक संचांत आठ पिनांच्या गोल जोडणीतील दुसऱ्या पिनेवर ८ व्होल्टचा दाब असतो. केनवूडच्या तशाच दिसणाऱ्या जोडणीत दुसरी पिन बोलण्याच्या कळेची असते. एकाचा मायक्रोफोन दुसऱ्यास लावून कळ दाबली, की दाब भलत्याच वाटेने जातो.

पाठासाठी बिनतारी संच लागत नाही. मुलांनी घरून जुने अडॅप्टर आणावेत. भिंतीवरील विजेच्या प्लगात मात्र ते शिक्षकानेच लावावेत. मीटर एकदिश दाबावर ठेवून लाल टोक प्लगच्या मधल्या छिद्रात व काळे बाहेरील धातूस लावावे. आकड्यापूर्वी उणे चिन्ह आले, तर मध्यभाग ऋण. जुन्या साध्या अडॅप्टरवर १२ छापलेले असूनही मीटर १६ दाखवील. भार नसताना त्याचा दाब चढतो, हे येथेच समजावून द्यावे. आकडा व ध्रुव लिहिलेली चिठ्ठी प्रत्येक तारेस बांधावी.

मोठ्या संचास बहुधा १३.८ व्होल्ट लागतात. १०० वॉटचे प्रक्षेपण होत असता सुमारे २० अँपिअर प्रवाह वाहतो. लाल तार धन व काळी ऋण हा संकेत खरा, परंतु मध्ये जोड दिलेल्या तारेत रंगावर विसंबू नये. अनेक संचांत विद्युत्पुरवठ्याच्या दोन तारांमध्ये एक डायोड उलटा बसविलेला असतो. ध्रुव चुकले की प्रवाह त्या डायोडमधून धावतो, फ्यूज वितळतो आणि संच वाचतो. फ्यूजऐवजी जाड तार गुंडाळण्याची आपल्याकडील सवय येथे घातक ठरते. मग प्रथम डायोड जळतो, त्यामागून संच.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी संच बंद असतानाच एरिअलची तार प्रथम जोडावी. एरिअल नसल्यास ५० ओहमचा कृत्रिम भार लावावा. त्याविना प्रक्षेपण केल्यास अखेरच्या टप्प्यातील ट्रान्झिस्टर जळण्याचा धोका असतो. मग मायक्रोफोन, आणि विद्युत्पुरवठा सर्वांत शेवटी. एका मुलाने तार जोडावी, दुसऱ्याने तिची चिठ्ठी मोठ्याने वाचावी. संच चालू करण्याची कळ पाहुण्यांच्याच हाती असू द्यावी.